वीकेंडला काय वाचू? बनगरवाडी की स्मृतिचित्रे, आणि आमच्या आईंच्या डोळ्याची बातमी

आधी घरची बातमी सांगते कारण पुढचं सगळं त्यातूनच आलंय. सासूबाईंच्या, म्हणजे आमच्या आईंच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दोन आठवडे झाले आता, सकाळी गेलो आणि दुपारी घरी, सगळं व्यवस्थित. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर खिडकीकडे बघून म्हणाल्या, "अगं, हा पडदा पांढरा आहे होय? मला वाटायचं जुना होऊन पिवळा पडलाय." इतकं बरं वाटलं ऐकून! पण जुना चष्मा आता त्या डोळ्याला चालत नाही, नवा नंबर महिनाभरानं काढणार, तोवर वाचन बंद, आणि ज्या बाईला सकाळचा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय चहा गोड लागत नाही तिला हे किती जड जात असेल विचार करा. मग मी वाचून दाखवायला लागले. ड्रॉप्स दिवसातून चार वेळा, दोन वेगवेगळ्या बाटल्या, दोन्हींच्या मध्ये दहा मिनिटं थांबायचं, आणि त्या दहा मिनिटांत आई डोळे मिटून पडलेल्या असतात आणि मी वाचते.

आता मुद्द्याचं. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीनं विचारलं की शनिवार-रविवार मोकळा आहे, कितीतरी वर्षांनी मराठी पुस्तक हातात घेणार आहे, बनगरवाडी घेऊ की स्मृतिचित्रे. या पंधरा दिवसांत माझी दोन्ही नव्यानं वाचून झालीत (म्हणजे स्मृतिचित्रे अजून चालू आहे), म्हणून तिला जे सांगितलं तेच जरा नीट लिहितेय.

दोनच दिवस असतील आणि पुस्तक संपल्याचं समाधान हवं असेल तर डोळे झाकून बनगरवाडी. व्यंकटेश माडगूळकरांची 1955ची कादंबरी, अगदी छोटी. औंध संस्थानातलं धनगरांचं एक गाव, तिथे एकशिक्षकी शाळेवर नेमणूक झालेला कोवळा मास्तर, हळूहळू तो गावाचा होतो, सगळे मिळून तालीम बांधतात, आणि मग दुष्काळ. कथानक म्हणाल तर एवढंच. माझी निम्मी कादंबरी मुलुंड-दादर स्लो लोकलमध्ये झाली, उभ्यानं, एका हातात कडी आणि एका हातात पुस्तक, आणि घाटकोपर कधी गेलं कुर्ला कधी आलं कळलं नाही. वाक्यं छोटी आहेत, कुठे उपमांचा सोस नाही, ऊन म्हणजे ऊन आणि मेंढरं म्हणजे मेंढरं, पण तुम्ही मान वर केलीत की डब्यातल्या गर्दीतही तो उघडा माळ दिसत राहतो.

त्यात शेकूचा प्रसंग आहे. एकच बैल, पेरणी तर करायलाच हवी, आणि जुवाच्या दुसऱ्या बाजूला त्याची बायको. माडगूळकर तिथे एक शब्द जास्तीचा लिहीत नाहीत, दया आणायची खटपट करत नाहीत. मी ते आईंना वाचून दाखवलं आणि मलाच पुढे वाचता येईना. आई म्हणाल्या, थांब जरा. मग ड्रॉप्सचा टायमर वाजला, दुसरी बाटली घातली, आणि त्या दिवशी आम्ही पुढे वाचलंच नाही.

आणि तिथेच मला जाणवलं की बनगरवाडी मोठ्यानं वाचण्यापेक्षा आपली आपण वाचावी. तिच्यात मोकळ्या जागा खूप आहेत, दोन वाक्यांच्या मध्ये थांबावंसं वाटतं, आणि समोर कोणी ऐकणारं असलं की तेवढं थांबता येत नाही. एकट्यानं, एका बैठकीत, शक्यतो सकाळी. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

स्मृतिचित्रेचं बरोब्बर उलट! लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 1934 ते 1936च्या दरम्यान चार भागांत आलेलं, जाडजूड आहे, दोन दिवसांत संपवायला गेलात तर धाप लागेल आणि मजाही जाईल. बाई कधी शाळेत गेल्या नाहीत, त्यामुळे लिहिलेलं वाटतच नाही, समोर बसून बोलतायत असंच वाटतं. सुरुवात वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापासून होते, ते वाचताना आई एवढ्या हसल्या की मला ओरडावं लागलं, डोळ्यावर ताण नको म्हणून. पण त्याच घरात पोरींचे काय हाल झाले तेही त्याच सुरात सांगतात, आवाज न चढवता, आणि हसता हसता एकदम गप्प व्हायला होतं.

मग नवरा, कवी नारायण वामन टिळक. न सांगता घरातून निघून जाणारा, हातातले पैसे वाटून टाकणारा, आणि 1895 साली मुंबईत ख्रिस्ती झालेला. त्यानंतरची लक्ष्मीबाईंची वर्षं, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, सोवळंओवळं मनातून एकेक पायरी उतरत जाणं, आणि शेवटी 1900 साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेणं, हा भाग मला सगळ्या पुस्तकात सर्वांत मोलाचा वाटतो. कारण इथे कोणी कोणाला पटवून देत नाही, एक बाई स्वतःशी भांडत भांडत बदलते आणि ते सगळं प्रामाणिकपणे सांगते, स्वतःला मोठं न करता.

हे मोठ्यानं वाचायचं पुस्तक आहे. दहा-दहा मिनिटांचे तुकडे पडले तरी काही बिघडत नाही, कुठूनही उचला, प्रसंग आपापला उभा राहतो. आणि ऐकणाऱ्याला बोलतं करतं. सासरच्या जाचाचं वाचत होते तर आई मध्येच लालबागला लग्न होऊन आल्या तेव्हाचं सांगायला लागल्या, दहा बाय बाराची खोली, सात माणसं, आणि वाचनाची हौस लपवायला लागायची म्हणून सामायिक नळावर पाण्याच्या रांगेत उभ्या राहून पुडीचे कागद वाचायच्या. लग्नाला माझ्या अठरा वर्षं झाली, हे मला पहिल्यांदा कळलं.

तर एकटे असाल, प्रवासात असाल, वाचायची सवय मोडली असेल आणि परत लावायची असेल तर बनगरवाडी. घरात आई, आजी, सासू, कोणीही ऐकणारं माणूस असेल, किंवा महिनाभर रोज थोडं थोडं पुरवून वाचायचं असेल तर स्मृतिचित्रे. मैत्रिणीला मी बनगरवाडी सांगितली, ती बोरिवलीला एकटी राहते आणि तिला रविवारी संध्याकाळी पुस्तक मिटून ठेवायचं होतं. स्मृतिचित्रे घेताना एक बघा, संक्षिप्त आवृत्तीही मिळते, अख्खी हवी असेल तर दुकानात नीट विचारून घ्या. विकत नको असेल तर दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच, 1898 पासून चालू आहे.

तिसरं नाव ती विचारत होती, बलुतं कसं आहे म्हणून. दया पवारांचं आत्मकथन, 1978चं, गावाइतकीच मुंबई त्यात आहे, कावाखाना नावाच्या वस्तीतली. वाचाच, पण वीकेंडचं पुस्तक म्हणून नको, सोमवारी ऑफिसला जायचंय या घाईत ते वाचू नये एवढंच माझं म्हणणं.

आई ते कपाटातून काढून उशाशी ठेवून बसल्यात. म्हणाल्या, हे मात्र तू नको वाचून दाखवूस, नवा चष्मा आला की माझं मी वाचेन.