डिटॉक्स वॉर्डचा रिव्ह्यू : गटारी ते श्रावणी सोमवार व्हाया आयसीयू

हॉस्पिटलचं नाव देत नाहीये, कारण दादाच्या ऑफिसातले लोक पण हे वाचणार आणि तारखा जुळवायला पुणेकरांना कितीसा वेळ लागतो. पुण्यातलं मधल्या साइजचं ट्रस्टचं हॉस्पिटल, मानसोपचार विभाग वरच्या मजल्यावर, एवढं बास. लिहितेय अशासाठी की मी शोधत होते तेव्हा 'व्यसनमुक्ती' म्हणून ढीगभर पाच-पाच स्टार दिसले, भिंतीवरचे सुविचार, सकाळचा योगा, 'स्टाफ खूप छान', पण पहिल्या चार-पाच दिवसात पेशंटचं नक्की काय करतात हे एकानेही लिहिलं नव्हतं, आणि जीवाला धोका असतो तो त्याच दिवसात.

दादा रोज दारू घेणारा. आधी क्वार्टर, मग हाफ, लॉकडाऊननंतर सकाळी उठल्यावर पण थोडी 'हात स्थिर व्हायला'. आणि तरीही दर वर्षी श्रावण कडक पाळणार. गटारीला मित्रांबरोबर पोटभर आणि दुसऱ्या दिवसापासून एकदम बंद, ते गणपती होईपर्यंत. सोसायटीत कौतुकच व्हायचं की बघा, मनात आणलं तर सोडतो माणूस. त्या पहिल्या दोन-तीन दिवसात हात थरथरायचे, घामाने उशी भिजायची, रात्रभर येरझाऱ्या, वहिनी म्हणायची उपासाचा त्रास होतोय. यंदा श्रावणाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी चहाचा कप हातातून पडला आणि फीट आली. आई कांदा आणा कांदा आणा करतेय, समोरच्या फ्लॅटमधले काका खरंच चप्पल हुंगवायला घेऊन आले, वहिनीने तेवढं भान ठेवून त्याला कुशीवर वळवलं, आजूबाजूची टेबल-खुर्ची बाजूला केली, तोंडात काही घालू दिलं नाही आणि मला १०८ लावायला सांगितलं. बरोबर तेवढंच करायचं असतं म्हणे. कांदा आणि चप्पल यांचा काही उपयोग नाही.

आता हॉस्पिटल. कॅज्युअल्टीतल्या रेसिडेंट डॉक्टर अगदी पोरगेल्या होत्या, पण प्रश्न नेमके. शेवटचा पेग कधी? वहिनी म्हणाली परवा रात्री. तशा म्हणाल्या, "रात्री नाही, वाजता किती ते सांगा." मग रोज किती, सकाळी लागते का, आधी कधी फीट आली होती का, डोक्याला मार लागलाय का, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का. तास कशाला हवेत ते नंतर त्यांनीच सांगितलं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केलं की साधारण ६ ते ८ तासात थरथर, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. फीट यायचीच असेल तर बहुतेक पहिल्या ४८ तासात येते. आणि सगळ्यात वाईट प्रकार, ज्याला सगळे डीटी (डिलिरियम ट्रेमेन्स) म्हणतात, तो साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात उगवतो, म्हणजे नेमकं घरच्यांना वाटत असतं की चला, आता निभावलं. डीटीत माणूस भ्रमिष्ट होतो, ताप, बीपी, नाडी सगळं वर जातं, उपचार नसतील तर माणूस दगावू शकतो. वेळेवर उपचार झाले तर मृत्यूचं प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली येतं असं त्या म्हणाल्या, आणि वहिनीचा चेहरा बघून पुढे म्हणाल्या, "तुम्ही वेळेत आलाय."

असं का होतं हे मला तिथल्या मोठ्या डॉक्टरांकडून पहिल्यांदा नीट कळलं. दारू मेंदूला सतत शांत करत असते, म्हणून मेंदू वर्षानुवर्षं उलट बाजूने जोर लावून स्वतःला जागं ठेवायला शिकतो, म्हणजे रस्सीखेचच, आणि एका टीमने अचानक दोर सोडला तर दुसरी टीम उताणी पडणारच. त्यात दर वर्षीचं हे असं श्रावणातलं सोडणं आणि गणपतीनंतर परत धरणं, त्याने प्रत्येक वेळचा झटका आधीच्यापेक्षा जड होत जाऊ शकतो. म्हणजे जे आम्ही सगळे त्याची इच्छाशक्ती म्हणून मिरवत होतो ते त्याच्या मेंदूला दर वर्षी थोडं थोडं महाग पडत होतं. श्रावण पाळू नका असं कोणी म्हणत नाहीये, शनिवारी दोन बिअर घेणाऱ्याने खुशाल पाळावा, पण ज्याला सकाळी उठल्यावर लागते त्याने गटारीच्या आधी डॉक्टरकडे जावं. हेच माळ घालणाऱ्यांना. माळ घाला, विठ्ठल काही नाही म्हणत नाही, पण आधी डॉक्टर.

वॉर्डमध्ये मला आवडलेल्या गोष्टी. सलाइन लावायच्या आधी थायमिनचं म्हणजे बी-१ चं इंजेक्शन दिलं. मी विचारलं व्हिटॅमिनची एवढी घाई कशाला, तर सिस्टर म्हणाल्या बरीच वर्षं पिणाऱ्यांच्या अंगात हे उरलेलंच नसतं, आणि त्याच्याशिवाय नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, चालताना तोल जातो, डोळे नीट फिरत नाहीत, आठवण जाते. हे ऐकल्यापासून मला गल्लीतल्या दवाखान्यात 'अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा' म्हणणाऱ्यांची भीती वाटायला लागलीये. मग रक्तातली साखर, सोडियम-पोटॅशियम-मॅग्नेशियम, लिव्हरच्या टेस्ट, फीट आल्यामुळे डोक्याचा सीटी पण. औषध म्हणजे मेंदू शांत करणारी लिब्रियमसारखी गोळी, दादाचं लिव्हर खराब निघालं म्हणून त्याला त्याऐवजी त्याच जातीतलं लोराझेपाम दिलं. डोस आधी जास्त आणि मग दिवसागणिक कमी कमी करत बंद. या गोळ्या मेडिकलवाल्याच्या ओळखीने आणून घरी सुरू करायच्या नाहीत, कारण वरून पेशंट गुपचूप प्यायला तर श्वास मंदावून जिवावर बेतू शकतं, आणि गोळी कधी थांबवायची हे कळलं नाही तर तिचीच सवय लागते.

आणि तो चार्ट. दर काही तासांनी सिस्टर येणार, "दादा, हात पुढे करा, बोटं पसरा", थरथर बघणार, कपाळाला हात लावून घाम, मळमळ होतेय का, काही टोचल्यासारखं किडे चालल्यासारखं वाटतंय का, काही दिसतंय का जे आम्हाला दिसत नाही, आज वार कोणता. प्रत्येकाला मार्क. बेरीज वाढली की डॉक्टरला फोन आणि औषध वाढणार, कमी झाली की कमी. मला शाळेची आठवण आली, पण वॉर्डमधली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच होती, कारण तिसऱ्या रात्री दादा चादरीवरून काहीतरी उचलून उचलून बोटांभोवती गुंडाळायला लागला. मी बघतेय तर हातात काहीच नाही. सिस्टरनी विचारलं, "काय करताय दादा?" तर म्हणे, "सुतळी गोळा करतोय, उद्या मांडव घालायचाय." मांडवाला अजून महिना होता. कुठे आहात विचारल्यावर मंडळाच्या ऑफिसात म्हणाला. मला हसू पण आलं आणि रडू पण. सिस्टर हसल्या नाहीत. मोठा लाइट लावला, त्याच्याशी नावाने बोलत राहिल्या, हे हॉस्पिटल आहे, मी सिस्टर, ही तुमची बहीण, आणि बोलता बोलता चार्ट भरून फोन लावला. थोड्या वेळात आयसीयूत हलवला. हातपाय बांधले नाहीत, औषधावरच शांत केला. श्रावणी सोमवारी सकाळी त्याने मला विचारलं की माझा चष्मा कुठाय, आणि मी तिथेच खाली बसले. सुतळीचं त्याला काही आठवत नाही.

हे सगळं घरी झालं असतं तर आम्ही 'बाहेरची बाधा' बघायला कोणाकोणाकडे गेलो असतो सांगता येत नाही.

आता तक्रारी. बिलिंग काउंटर. मेडिक्लेम नाकारला, कारण पॉलिसीत व्यसनावरचे उपचार बाहेर ठेवणारं एक्सक्लूजन असतं (कोड १२ म्हणून शोधा, बऱ्याच पॉलिसीत सापडेल), ते ठीक, पण हे काउंटरवाल्याला पहिल्या दिवशी माहीत असणारच ना, त्याने ते डिस्चार्जच्या दिवशी दुपारी तीन वाजता सांगितलं. बिल पाच आकडी, त्यातला जाडा आकडा आयसीयूचा. ट्रस्टच्या हॉस्पिटलात १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, त्याबद्दल समाजसेवकांकडे विचारा असा बोर्ड लिफ्टच्या मागे, जिथे कोणाची नजर जाणार नाही अशा जागी लावलाय. नातेवाइकासाठी एकच प्लास्टिक खुर्ची. कँटीनचा चहा पिण्यापेक्षा रस्ता ओलांडून अमृततुल्य गाठा. आणि समुपदेशक आमच्या वाट्याला एकदाच आले, तेही दादा अर्धवट झोपेत असताना, एक पत्रक उशाशी ठेवून गेले. एक स्टार यात गेला. परवडत नसेल तर ससूनला मानसोपचार विभाग आहे, तिथे गर्दी सोसायची तयारी ठेवा.

जाता जाता बाकीच्या दोन 'सर्व्हिसेस'चा पण रिव्ह्यू करून टाकते कारण ऑप्शन म्हणून सगळे तेच सुचवतात. एक म्हणजे 'पेशंटच्या नकळत दारू सोडवा' वाली पावडर, रिक्षाच्या मागे जाहिरात असते ती. मावशीने दोन वर्षांपूर्वी कुरिअरने मागवली होती, पाकिटावर आत काय आहे ते लिहिलेलंच नाही. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की अशा पुड्यांमध्ये कधी कधी डायसल्फिराम घातलेलं सापडतं. ते खरं औषध आहे, डॉक्टरच देतात, पण पेशंटला सगळं समजावून, त्याची संमती घेऊन, कारण त्यावर दारू प्यायली की चेहरा लालबुंद, उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली, आणि गोळी बंद केल्यावर पण दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. हे वरणात कालवून देणं म्हणजे विषप्रयोगच की. शून्य स्टार.

दुसरं म्हणजे फोन केला की गाडी पाठवून रात्री माणूस उचलून नेणारी केंद्रं. मी एका ठिकाणी फोन करून विचारलं फीट आली तर काय करता, तर उत्तर आलं, "ताई, आमची पोरं धरून ठेवतात." डॉक्टर? रविवारी येतात. मग फीटने पण रविवारीच यावं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे आजार पण धरलेत आणि पेशंटला साखळीने बांधायला सरळ मनाई आहे, तेव्हा नोंदणीचा कागद बघायला मागा आणि रात्री दोन वाजता तिथे कोण असतं ते विचारा. यावर जो चिडेल तिथे जाऊ नका.

आणि डिटॉक्स म्हणजे दारू सुटली असं नाही हे वॉर्डात पण सांगतात, फक्त जरा घाईत सांगतात. अंगातून दारू सुखरूप बाहेर काढणं एवढंच त्यांचं काम, डोक्यातून काढायचं काम नंतरचं. आम्ही पुढचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात करायचं ठरवलंय, येरवड्याला, डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचटांनी १९८६ साली पुलंच्या मदतीने सुरू केलेलं ते, तिथला कोर्स महिनाभराच्या वरचा आहे आणि दादा स्वतः जायला तयार झालाय, म्हणजे आजच्या तारखेला तरी तयार आहे. तोपर्यंत तो संध्याकाळी एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडलेल्या-सोडणाऱ्यांचा गट) मराठी मीटिंगला जातो, तिथे फी नाही, कोणी नाव-गाव खोदून विचारत नाही. वहिनी सोडायला जाते आणि बाहेर स्कूटरवर बसून भाजी निवडते.

तुम्हाला न्यायचं असेल तर थोडं कामाचं. ॲडमिट होईपर्यंत घरातली बाटली रागाने बेसिनमध्ये ओतू नका, आम्ही आधी विचारलं असतं तर फोनवर डॉक्टरांनी हेच सांगितलं असतं म्हणे, रोज भरपूर पिणाऱ्याचं अचानक बंद करायचं नाही, आधी डॉक्टर गाठायचा. सगळ्यांनाच ॲडमिट करत नाहीत, त्रास हलका असेल, आधी कधी फीट आली नसेल आणि घरी सोबत असेल तर ओपीडीतून रोज बोलावून गोळ्यांवर पण करतात. कुठे जावं कळत नसेल तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, टोल फ्री. पण फीट, भास, बरळणं, ताप असलं काही दिसलं तर हेल्पलाइन नाही, सरळ १०८. नेताना जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि शेवटचा पेग किती वाजता हे चिठ्ठीवर लिहून न्या. जेवणाच्या तासाला भेटायला जाऊ नका, वॉचमन वर सोडत नाही, आणि टू-व्हीलर गेटसमोर लावू नका, टोइंगवाले तिथेच टपलेले असतात, मागच्या गल्लीत जागा मिळते.