सेल-फ्री किट घेताय? ल्युसिफरेज कंट्रोल असलेलंच घ्या (सांगलीतून रिव्ह्यू)

आमच्या कॉलेजात एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला सशाच्या रेटिक्युलोसाइट लायसेटचं (कच्च्या लाल रक्तपेशी फोडून काढलेल्या रसाचं) किट वापरतो, म्हणजे पेशी वाढवायची भानगडच नाही, रायबोसोम टीआरएनए अशी प्रोटीन बनवायची सगळी यंत्रणा लायसेटमध्ये असतेच, आपण टी-सेव्हन प्रमोटरवाला (प्रमोटर म्हणजे जीन चालू करणारा तुकडा) प्लाझ्मिड, म्हणजे आपला जीन असलेला गोल डीएनए, टाकायचा आणि 30 डिग्रीला दीड तास ठेवायचं, नळीतच प्रोटीन तयार.

पण मला या किटमध्ये सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सोबत येणारा ल्युसिफरेजचा कंट्रोल डीएनए, म्हणजे किट चालतंय का ते तपासायचा डीएनए. काजव्याचं एन्झाइम, 550 अमिनो आम्लं, साधारण 61 किलोडाल्टन. रिअ‍ॅक्शन झाली की दोन-अडीच मायक्रोलिटर काढून ल्युसिफेरिनच्या (ज्यापासून हे एन्झाइम प्रकाश काढतं त्या पदार्थाच्या) रिएजंटमध्ये टाका, ल्युमिनोमीटरवर (प्रकाश मोजायच्या यंत्रावर) आकडा लगेच येतो. हेच आधी किरणोत्सर्गी एस-35 मेथिओनिन घालून, जेल चालवून, फिल्मवर बघायला लागायचं, आणि रेडिओआयसोटोप म्हटलं की एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी आली, छोट्या कॉलेजला ते झेपत नाही हो.

जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) का नको असं पोरं विचारतात. एक तर हे लायसेट हिमोग्लोबिनमुळं चांगलंच लाल असतं, तो रंग रीडिंगला आडवा येतो, आणि जीएफपीचा क्रोमोफोर (चमकणारा भाग) तयार व्हायला वेळ लागतो तो वेगळाच. ल्युसिफरेज पूर्ण लांबीचं बनून नीट घडी बसली की लगेच कामाला लागतं. त्यामुळं प्रकाश दिसतो तो फक्त चालू प्रोटीनचा, जेलवर बँड जाड आणि प्रकाश कमी असं झालं तर घडीचा घोळ आहे समजा.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, या एन्झाइमला एटीपी (पेशीचं ऊर्जेचं इंधन) लागतं. ल्युसिफेरिन थेट रिअ‍ॅक्शनमध्येच घालून लाइव्ह बघत बसलात तर एटीपी संपत आलं की प्रकाश कमी होतो आणि वाटतं ट्रान्सलेशनच (प्रोटीन बनणंच) थांबलं. तसं बघायचं असेल तर नॅनोल्युक बरं, खोल समुद्रातल्या कोळंबीवरून घेतलेलं, 19 किलोडाल्टनचं, त्याला ल्युसिफेरिनऐवजी फ्युरिमॅझिन लागतं पण एटीपी नाही.

तक्रार आहे ती डिलिव्हरीची. विश्रामबागला पार्सल आलं तेव्हा ड्राय आइस जवळपास उडालेला, डीलर म्हणे काही होत नाही वापरा. कंट्रोल लावला तर रीडिंग बिनडीएनएच्या नळीइतकंच, लायसेट मेलेलं. तोच प्रिंटआउट पाठवला तेव्हा कुठं बदलून दिलं, नाहीतर आम्ही आमच्या प्लाझ्मिडलाच दोष देत बसलो असतो, पोरांचं सेमिस्टर गेलं असतं.

मागवताना सोमवारीच डिस्पॅच करायला सांगा, आल्या आल्या छोट्या नळ्यांत वाटून उणे 80 ला टाका, सारखं वितळवू नका, व्होर्टेक्स तर अजिबात नको. किट महाग आहे पण पैसे वसूल. 5 पैकी 4, एक स्टार डीलरमुळं कापला.