भेगेवरची पट्टी: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

भिंतीतली भेग हलते का ते मोजणारी ही पट्टी बसवली त्या दिवशी तिच्यावरची लाल फुली बरोबर शून्यावर होती. आज ती उजवीकडे दोन मिलिमीटर आणि खाली अर्धा मिलिमीटर सरकलेली आहे. घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगतो: वस्तू चांगली आहे, सोबत मिळणारी चिकटपट्टी टाकाऊ आहे, आणि एक घेणार असाल तर तीन घ्या.

मी बाइंडर, पुस्तकं बांधतो. शहराच्या जुन्या मध्यभागात एका कोपऱ्यावरच्या इमारतीत तळमजल्याला माझं दुकान आहे. शहर वाढतंय ते कडेकडेनं. तिकडे क्रेन उभ्या आहेत, इकडे कावळेसुद्धा गॅलरीत बसायचं टाळतात. दगडी जोतं, विटांच्या भिंती, चुन्याचं बांधकाम, वर लोखंडी ब्रॅकेटांवर तोललेल्या गॅलऱ्या. वरचे दोन्ही मजले वारसांच्या भांडणात कुलूपबंद आहेत. खाली आम्ही तिघं भाडेकरू: मी, घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ, आणि शिलाईकाम करणाऱ्या बाई. संध्याकाळी आम्ही फळ्या लावल्या की त्या फुटपाथवर माणूस दिसतो तो फक्त जाणारा-येणारा. रात्रपाळीवाले, उशिरा सुटणाऱ्या मुली, शेवटची गाडी गाठणारे.

माझ्या दाराच्या कमानीपासून एक भेग तिरकी वर जाते, थेट छपराखालच्या कंगणीपर्यंत, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या पट्ट्यापर्यंत. कुणीतरी कधीतरी ती सिमेंटनं बुजवली होती. मऊ चुन्याच्या भिंतीत कडक सिमेंट भरलं की व्हायचं तेच झालं. सिमेंट शाबूत राहिलं आणि शेजारची वीट फुटली. मालकांच्या कारभाऱ्याचं उत्तर ठरलेलं असे, "अहो, ती भेग माझ्या आजोबांच्या वेळेपासूनची आहे." असेलही. पण आजोबांच्या वेळी ती केवढी होती, हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही. म्हणून ही पट्टी मागवली.

कंपनीचं नाव देत नाही. अशा पट्ट्या बऱ्याच नावांनी मिळतात, कल्पना एकच. पारदर्शक प्लास्टिकचे दोन तुकडे एकमेकांवर सरकतात. एकावर मिलिमीटरच्या चौकटी छापलेल्या, दुसऱ्यावर लाल फुली. एक तुकडा भेगेच्या डाव्या अंगाला चिकटवायचा, दुसरा उजव्या. गोंद वाळेपर्यंत चार छोट्या खुंट्या दोघांना जखडून ठेवतात, मग त्या काढायच्या. त्यानंतर भिंत हलली की फुली हलते. पूर्वी गवंडी भेगेवर काचेची पट्टी सिमेंटनं बसवून त्यावर तारीख लिहीत. काच तडकली म्हणजे भिंत हलली. पण किती हलली आणि कुठल्या बाजूला, हे काच सांगत नाही. ही पट्टी दोन्ही सांगते, आणि माझ्या बाबतीत त्या दुसऱ्या गोष्टीनंच सगळं काम केलं. त्याकडे येतोच.

आधी चिकटपट्टीची तक्रार, कारण चिकटवणं हा माझा धंदा आहे. डब्यात दुतर्फा चिकटणारा फोमचा तुकडा येतो. चुन्याच्या भिंतीवर तो टिकत नाही. भिंत भुरभुरीत, पृष्ठभागावर धूळ, आणि खुद्द फोम दाबला की दबतो, ओढला की ताणतो. जे साधन अर्धा मिलिमीटर मोजायला घेतलं, ते स्पंजावर बसवायचं? आमच्याकडे शिकाऊ पोरालाही कळतं की सैल पानावर कव्हर चढत नाही. मी जागा तारेच्या ब्रशनं घासली, रंगाचा थर विटेपर्यंत खरवडला, कोरड्या फडक्यानं पुसली आणि दोन भाग मिसळायचं इपॉक्सी वापरलं. दिवसभर हात लावला नाही. चौदा महिन्यांत हललेली नाही. माहितीपत्रकात इपॉक्सीचा उल्लेख आहे, पण शेवटच्या ओळीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत.

पहिला महिना मी स्वतःला फार घाबरवलं. सकाळी उघडताना बघायचो, दुपारी बघायचो, बंद करताना बघायचो. फुली इकडेतिकडे जायची. एका दुपारी जवळजवळ अर्धा मिलिमीटर फरक दिसला तेव्हा मी मुलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, भिंत उन्हानं फुगते." बरोबरच होतं. विटांची दहा मीटर भिंत तापमानात वीस अंशांचा फरक पडला की साधारण एक मिलिमीटर लांबते. दमट दिवसात पुठ्ठा वाकतो हे मला चाळीस वर्षं माहीत आहे, भिंतीबद्दल मात्र सुचलं नाही. तेव्हापासून नियम केला: आठवड्यातून एकदा, रविवारी, ऊन चढायच्या आत, नाक पट्टीच्या अगदी समोर ठेवून. आकडा, तारीख आणि हवा कशी आहे, एवढं स्वतः बांधलेल्या वहीत. शेजारी नाणं धरून फोटो. वर्षाची सगळी हवा त्या भिंतीवरून जाऊ द्या, मगच काही म्हणा.

तीन महिन्यांनी वहीत चित्र उमटायला लागलं. उन्हाची ये-जा वजा केली तरी फुली उजवीकडे आणि थोडी खाली चालली होती, परत येत नव्हती. आम्ही तिघांनी वर्गणी काढून एक इंजिनिअर बाई बोलावल्या. त्यांनी वही आधी वाचली, भिंत नंतर पाहिली. "खाली जातेय म्हणजे हा कोपरा बसतोय," म्हणाल्या, आणि कोपऱ्यावरचा पावसाच्या पाण्याचा नळ दाखवला. नळ जमिनीपासून हातभर वर तुटलेला. कित्येक वर्षं सगळ्या छपराचं पाणी पायाशी ओतलं जात होतं आणि मातीला घेऊन जात होतं. आम्ही रोज त्या नळाला सायकली टेकवत होतो. नळ जोडून पाणी गटारात सोडलं. गेले पाच महिने फुली उन्हाबरोबर हलते तेवढीच, पुढे गेलेली नाही. पट्टीवर फुली नुसती आडवी सरकण्याऐवजी खालीही जाते का, एवढं बघितलं तरी तुमचे पैसे वसूल.

रुंदीबद्दल एक गैरसमज माझाही होता. ब्रिटनमधल्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटनं भेगांच्या पायऱ्या ठरवल्या आहेत. एक मिलिमीटरपर्यंत फारच किरकोळ, पाचपर्यंत किरकोळ, पाच ते पंधरा मध्यम, त्यापुढे गंभीर. माझी भेग चारची होती, सहाची झाली, म्हणजे किरकोळातून मध्यमात गेली. इंजिनिअर बाईंनी मला थांबवलं. या पायऱ्या मुख्यतः दुरुस्ती किती अवघड आहे ते सांगतात, खालून चालणाऱ्याच्या डोक्याचं नाही. आतल्या भिंतीतली दहाची भेग निवांत असू शकते. कंगणीतली केसाएवढी भेग झोप उडवू शकते.

आणि तसंच झालं. एका संध्याकाळी फळ्या लावत असताना मागे धप्प आवाज आला. कंगणीचा तुकडा, जाड शब्दकोशाएवढा, फुटपाथवर फुटून पडला होता. नळ जोडून महिना झाला होता. शिलाईवाल्या बाई मिनिटभरापूर्वी तिथून गेल्या होत्या. पट्टीकडे पाहिलं तर फुली जागच्या जागी. तुकडा पट्टीपासून तीन-चार मीटर लांबचा होता आणि त्याचा पाया बसण्याशी संबंधच नव्हता. आत पुरलेला लोखंडी ब्रॅकेट गंजला होता. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, दुप्पट ते सहापट, आणि तो फुगवटा दगड-विटांना आतून ढकलतो. बाहेरून भेग दिसते ती शेवटी शेवटी. मधल्या काळात फक्त आवाज बदलतो. इंजिनिअर बाई शिडीवर चढून लाकडी हातोडीनं टकटक करत गेल्या. चांगल्या जागी खणखणीत, सुटलेल्या जागी बद्द. खडूनं त्या बद्द जागांना गोल केले आणि माझ्या दारासमोर एकूण अकरा गोल झाले.

या वस्तूतली मोठी उणीव हीच, आणि डब्यावर ती लिहिलेली नाही. पट्टी फक्त जिथे लावली तिथलंच बघते. भिंत आपल्या अंगावर, म्हणजे पुढे, झुकत असेल तर तेही तिला कळत नाही. त्यासाठी ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, लागतो. मी नंतर आणखी दोन घेतल्या. एक कोपऱ्यात बसणारी, काटकोनाची. तीन पट्ट्यांनी मिळून भिंतीबद्दल जे कळतं, ते एकीनं कळत नाही.

वहीचा दुसरा उपयोग मात्र मला अपेक्षित नव्हता. कारभाऱ्याचं "आजोबांच्या वेळची" हे उत्तर तारखांच्या रांगेपुढे टिकलं नाही. पालिकेच्या माणसानं वही उलटसुलट पाहिली, फोटो पाहिले, आणि दोन आठवड्यांत फुटपाथवर परांचीचे पाइप उभे राहून वर पत्र्याचं छप्पर आलं. आम्हाला आनंद झाला. तो पहिल्या रात्रीपर्यंत टिकला. छपरानं पडणारे तुकडे अडवले आणि रस्त्यावरच्या दिव्याचा उजेडही अडवला. पाइपांच्या जंगलातून चालण्यापेक्षा बायका रस्त्यात उतरून गाड्यांच्या मधून जाऊ लागल्या. डोकं वाचवायला केलेली सोय आणि पाय गाडीखाली.

हा घोटाळा आमचा एकट्याचा नाही. न्यूयॉर्कमध्ये १९७९ साली इमारतीचा तुकडा पडून एका विद्यार्थिनीचा जीव गेला. पुढच्याच वर्षी सहा मजल्यांहून उंच इमारतींच्या रस्त्याकडच्या दर्शनी भागाची दर पाच वर्षांनी तपासणी सक्तीची झाली आणि १९९८ मध्ये बाकीच्या बाजूही त्यात आल्या. नियम उत्तमच. पण दुरुस्तीपेक्षा छप्पर ठेवून देणं स्वस्त पडतं, म्हणून तिथल्या फुटपाथांवर अशी छपरं वर्षानुवर्षं ठाण मांडून राहिली. आमच्याकडे मी छपराखाली एक मोठा दिवा मागायला निघालो होतो. घड्याळवाल्यांनी अडवलं. एक प्रखर दिवा डोळ्यांत जातो आणि पाइपांच्या सावल्या आणखी काळ्या करतो. तीन छोटे, पिवळसर, खाली तोंड केलेले दिवे लावले. आता समोरून येणाऱ्याचा चेहरा दिसतो, आणि रात्री माणसाला एवढंच तर हवं असतं.

वरच्या मजल्यांच्या फुटक्या खिडक्यांवर पत्रे ठोकायचा कारभाऱ्याचा विचार होता. मुलीनं शोधून आणलं की अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात २०११ पासून रिकाम्या इमारतींना फळ्या ठोकण्याऐवजी खरी दारं-खिडक्या बसवणं मालकांवर बंधनकारक केलं गेलं, आणि ज्यांनी बसवली त्यांच्या आसपास हल्ले कमी झाल्याचं २०१५ मधल्या अभ्यासात दिसलं. मला ते पटलं, कारण पत्रा ठोकलेली इमारत दुरून ओरडून सांगते की इथे कुणी नाही. कारभाऱ्यांना पटलं नाही. सध्या पहिल्या मजल्याला काचा आहेत, दुसऱ्याला पत्रे. वाद चालू आहे.

घ्यायची कुणी? जुन्या इमारतीत राहणाऱ्या किंवा दुकान असणाऱ्या, आणि ज्यांचं म्हणणं कुणी ऐकत नाही अशा कुणीही. घर नुकतंच घेतलं असेल आणि भिंतीवर केसाएवढ्या रेषा असतील तर गरज नाही, नुसती काळजी विकत घ्याल. गॅलरी लोंबकळत असेल, दार अचानक अडकायला लागलं असेल किंवा भेगेतून पलीकडचा उजेड दिसत असेल तर पट्टीत वेळ घालवू नका, इंजिनिअरला बोलवा आणि खालचा फुटपाथ त्याच दिवशी दोरी बांधून अडवा. पट्टी उन्हाकडे असेल तर प्लास्टिक पिवळं पडतं. माझी थोडी पडली आहे, आकडे अजून वाचता येतात. छापील रेघा पुसल्या गेलेल्या नाहीत. पाचपैकी साडेतीन तारे, अर्धा तारा त्या फोमच्या नावानं कापला.

पट्टी डोक्याच्या उंचीपेक्षा थोडी वर आहे, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसते. सुरुवातीला लोक विचारायचे, मीटर कसला? आता काही जण थांबून वर बघतात. कंगणीकडे, गॅलरीकडे. माझ्या आठवणीत त्या इमारतीकडे मान वर करून कुणी बघितलं नव्हतं. रात्रपाळीहून येणारी एक मुलगी परवा मी फळ्या काढत असताना म्हणाली, "काका, आज सव्वादोन आहे."

माझ्या पोटात गोळा आला. स्टूल काढलं, नाक समोर आणलं. दोनच होते. ती बाजूला उभी राहून तिरपं बघत होती.