लोकॉस्टमध्ये बाईकचं इंजिन टाकायचंय? मग ब्लॅकबर्ड आधी बघा

मी मूळचा चिंचवडचा, सध्या इंग्लंडमध्ये असतो आणि घरच्या गॅरेजमध्ये लोकॉस्ट बांधली, म्हणजे लोटस सेव्हनच्या धर्तीवर चौकोनी पाइप वेल्ड करून केलेली दोन सीटची उघडी गाडी. रस्त्यावर येऊन तिला दोन उन्हाळे झाले. आत होंडा सीबीआर 1100 एक्सएक्स ब्लॅकबर्डचं इंजिन आहे, 1137 सीसी, आणि भारतातले मित्र पहिला प्रश्न हाच विचारतात की सुझुकी हायाबुसाचं का नाही टाकलं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवातीला मी पण फक्त एचपी बघत होतो. यामाहा आर वन, 1998 ची, 150 एचपी, इंजिन आखूड कारण गिअरबॉक्सचे शाफ्ट एकावर एक रचलेत, सेव्हनच्या अरुंद नाकात मस्त बसतं. पण ती बाईक रिकामी 177 किलोची आणि माझी गाडी माझ्यासकट साडेपाचशे किलो, म्हणजे तेच इंजिन कितीतरी जास्त वजन ओढणार, मग वरच्या आरपीएमची पॉवर कागदावर राहते आणि सिग्नलवरून निघताना, चढावर, राउंडअबाउटमधून बाहेर पडताना कमी आरपीएमचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर लागतो. आर वनचा टॉर्क साधारण 108 न्यूटन मीटर आणि तोही साडेआठ हजारला. ब्लॅकबर्डचा 124 च्या आसपास, सव्वासात हजारला. हायाबुसा 138, तिथे वादच नाही, पण तिचं नाव मोठं म्हणून भाव पण मोठा, आणि उरलेल्या पैशात माझं डिफ (मागच्या चाकांना पॉवर देणारा डिफरन्शियल), सम्प (इंजिनाखालची ऑइलची टाकी) आणि रिव्हर्स तिन्ही झालं. ट्रॅकसाठी एकदम हलकी गाडी करणार असाल तर आर वनच घ्या, रस्त्यावर चालवायची असेल तर ब्लॅकबर्ड.

1999 पासूनचं इंजेक्शनवालं घ्या, त्याआधीच्या ब्लॅकबर्डला कार्ब्युरेटर आहेत. आणि नुसतं इंजिन कधीच घेऊ नका!! ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग लूम (वायरींचा जुडगा), मीटर, चावी, सगळं एकाच बाईकचं एकत्र घ्या. मला एका भंगारवाल्याने लूम कनेक्टरपासून कापून दिली होती, इंजिन उत्तम होतं पण ती वायर न् वायर जुळवण्यात माझे पाच वीकेंड गेले.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ऑइल. बाईक वळणात झुकते त्यामुळे ऑइल सम्पच्या तळाशीच राहतं, पण गाडी झुकत नाही, लांब वळणात ऑइल सगळं एका बाजूला चढतं, पिकअप (ऑइल ओढणारी नळी) हवा ओढतो आणि दोन-तीन सेकंदात बिग एंड बेअरिंग, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतं ते बेअरिंग, जातं. हे ओल्या सम्पच्या, म्हणजे ऑइल इंजिनाखालीच साठवणाऱ्या, कुठल्याही बाईक इंजिनाला लागू आहे, कंपनी कुठलीही असो. माझ्यासोबत गाडी बांधणाऱ्या एकाने बॅफल प्लेट (सम्पमध्ये ऑइल एका बाजूला जाऊ न देणारी पत्र्याची आडवण) नंतर बसवू म्हणून पुढे ढकललं आणि ट्रॅकवर पहिल्याच दिवशी कनेक्टिंग रॉड क्रँककेस फोडून बाहेर आला. तो तुकडा हातात घेतल्यावर मी घरी येऊन आधी सम्प खोलला. बॅफल, ऑइल प्रेशर गेज आणि मोठा वॉर्निंग लाइट याशिवाय गाडी घराबाहेर काढू नका. आणि ऑइल बाईकचंच टाका, क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारचं फ्रिक्शन मॉडिफायरवालं (घर्षण कमी करणारं) ऑइल टाकलं की स्लिप व्हायला लागतो.

बसवताना इंजिन नव्वद अंश फिरवून क्रँक गाडीच्या लांबीत ठेवायचा, स्प्रॉकेटची बाजू मागे, तिथे अडॅप्टर लावून प्रोपशाफ्ट (पॉवर मागे नेणारा लांब दांडा) थेट मागच्या डिफला, फिरण्याची दिशा आपोआप बरोबर येते. डिफ मी आधी फोर्ड सिएरा कारचं, 3.62 रेशोचं लावलं होतं, बाईकवर चेनचा रेशो साधारण 2.6 असतो आणि वर गाडीचे 13 इंची टायर लहान, त्यामुळे मोटरवेवर ताशी 70 मैलाला इंजिन साडेसहा हजारच्या आसपास ओरडत होतं, तासाभराने डोकं भणभणायचं. कमी रेशोचं, 3.14 चं डिफ शोधून बसवलं आणि गाडी माणसात आली, लांब कुठे जावंसं वाटायला लागलं.

रिव्हर्स गिअर बाईकला नसतोच. इकडे गाडी 410 किलोच्या वर गेली तर कायद्यानेच लागतो, माझी जाते. प्रोपशाफ्टच्या मध्ये बसणारे रिव्हर्स बॉक्स मिळतात, मी इलेक्ट्रिक मोटरवालं केलं कारण स्वस्त आणि हलकं, पार्किंगला पुरतं.

त्रास काय? फ्लायव्हील जवळजवळ नाहीच म्हणून क्लच सोडताना हात (म्हणजे पाय) बसायला महिना जातो, तीन हजार आरपीएम ठेवूनच निघायचं, नाहीतर बंद पडते. क्लचच्या स्प्रिंग जाड बदलल्याच पाहिजेत. अल्टरनेटर बाईकपुरता, हेडलाइट, रेडिएटर फॅन, पंप सगळं चालू असताना आयडलला व्होल्टेज उतरतं. पावसात बायको बसत नाही, ते इंजिनामुळे नाही.

पण सहा गिअरचा सिक्वेन्शियल बॉक्स, लिव्हर मागे ओढला की खट्कन वरचा गिअर, दहा हजारपर्यंत चढत जाणारा तो आवाज, पहाटे मोकळ्या रस्त्यावर हे ऐकलं की पाच वीकेंडची ती वायरिंग विसरून जातो. पुढच्या हिवाळ्यात सम्प परत खोलून बेअरिंग बघणार आहे, जे दिसेल ते फोटोसकट इथेच टाकतो.