पंधरा हजार रुपये, नऊ बाय दहाची खोली आणि मी

आधी फजिती सांगतो, म्हणजे पुढचं कौतुक खोटं वाटणार नाही.

मुलीच्या खोलीसाठी पहिली खरेदी मी घरबसल्या केली आणि तीच वाया गेली. मोबाइलवर चिकटवायचा वॉलपेपर दिसला. विटांच्या भिंतीचं चित्र, मागचा कागद सोलायचा की झालं, किंमत ८९९ रुपये. दुपारभर मी आणि मुलीनं मिळून एक भिंत चिकटवली. दिसतही छान होती. रात्री दोनच्या सुमाराला खोलीतून सर्रर्र असा आवाज आला. दिवा लावून बघतो तर विटांची अख्खी भिंत वरच्या कोपऱ्यातून सुटून पलंगावर वाकलेली आणि तिच्या पाठीला आमचा जुना पिस्ता रंगाचा डिस्टेंपर पिठासारखा लागलेला. मुलगी हॉलमध्ये झोपली होती म्हणून बरं. विकणाऱ्यांना फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘भिंत स्वच्छ व गुळगुळीत असावी असे सूचनेत नमूद आहे.’ नमूद होतं खरं. डिस्टेंपरवर लावू नका, एवढं मात्र कुठंच नमूद नव्हतं.

तर मुलगी बंगळूरहून परत आली होती, आता घरूनच काम करणार होती. तिच्या खोलीत गेली सहा वर्षं आम्ही लोणच्याच्या बरण्यांपासून गणपतीच्या मखरापर्यंत सगळं कोंबलेलं. "बाबा, मीटिंगमध्ये माझ्या डोक्यामागे मखर दिसतं," ती म्हणाली. हिनं लगेच आकडा ठरवून टाकला, पंधरा हजार. "अहो, वर एक रुपया मागू नका." मी पीएमटीत, म्हणजे पुण्याच्या सिटी बसमध्ये, कंडक्टर म्हणून लागलो. २००७ साली पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बसगाड्या एक होऊन पीएमपीएमएल झाली, तिथूनच पुढे निवृत्त झालो. आयुष्यभर रोज संध्याकाळी पिशवीतली चिल्लर आणि फाडलेली तिकिटं जुळवली आहेत. त्यामुळे खालचा प्रत्येक आकडा वहीतला आहे, अंदाजपंचे नाही.

वॉलपेपर पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी रंगाच्या दुकानात गेलो. आमच्या धनकवडीतलंच, छोटंसं. रंग कुठला हवा हे विचारायच्या आधी त्या माणसानं मला घरी परत पाठवलं. "तळहात भिंतीवर जोरात घासा. पांढरं पीठ लागलं तर तिच्यावर काही टिकणार नाही. तुमचा कागदही नाही आणि माझा रंगही नाही." पीठ लागलं, भरपूर. म्हणजे सगळा डिस्टेंपर खरवडायचा, पॉलिश पेपर मारायचा, मग प्रायमर, मग रंग. खोलीची मापं विचारून त्यानं बिलाच्या पाठीमागे गणित मांडलं. चारी भिंती मिळून ३८ फूट, उंची ९, म्हणजे ३४२ चौरस फूट. दार-खिडकीचे वजा केले की ३०५. छत ९० वेगळं. "चार लिटरमध्ये भिंतींना दोन हात बसतील. छताला एक लिटर पांढरा. दहा लिटरची बादली घेऊ नका, उरलेला रंग वाळून दगड होतो." मी दहाच मागायला गेलो होतो. गिऱ्हाईक कमी मागत नसताना कमी विकणारा दुकानदार मी फार वर्षांनी पाहिला.

रंग फिका, किंचित हिरवट पांढरा घेतला. चार लिटरला १२४०, छताचा २८०, प्रायमर चार लिटर ६४०, पाच किलो पुट्टी २२०. ब्रश, रोलर, पॉलिश पेपर आणि पांढरं सिमेंट मिळून ३६०.

पांढरं सिमेंट कशाला, ते सांगतो. बाथरूमला लागून जी भिंत आहे तिला खाली फूटभर लोणा आला होता. मीठ फुटावं तसा प्लास्टर फुगलेला, बोट लावलं की भुगा. मी म्हटलं, त्यावर वॉटरप्रूफ पुट्टी मारून टाकू. रंगारी उकिडवा बसला, भिंतीला हात लावला आणि म्हणाला, "काका, पाणी पलीकडून येतंय, तुम्ही अलीकडून बूच मारणार. सहा महिन्यांत पुट्टीसकट खाली येईल." त्यानं बाथरूममधल्या टाइल्सच्या मोकळ्या झालेल्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरून दिलं, फुगलेला प्लास्टर पाडला आणि सरळ निघून गेला. भिंत वाळल्यावर बोलवा म्हणाला. तीन आठवडे लागले. तेवढे दिवस मुलगी स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ लॅपटॉप घेऊन बसली आणि कुकरची शिट्टी झाली की आवाज बंद करायची. पण भिंत अजून कोरडी आहे, आणि मधे एक पावसाळा गेला. सिमेंट भरायला आला त्या दिवशीचे पैसे त्यानं घेतलेच नाहीत. नंतरची हजेरी रोजचे ९०० रुपये, तीन दिवस. छत आणि पुट्टी त्यानं केली, भिंतींवर रोलर मी फिरवला. खिडकीच्या वर एक ओघळ आहे, तो माझा.

आता टेबल. तयार टेबल ठेवलं तर पलंग आणि कपाटाच्या मधून माणसाला आडवं चालावं लागलं असतं. म्हणून भिंतीला लावायची घडीची फळी ठरवली. काम झालं की खाली पाडायची. फळी जुन्या बाजारात मिळाली. तो मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो, हे पुण्यात सांगायला नको. कुणाच्या तरी कपाटाचं सागवानी दार, तीन फूट बाय दीड. बिजागरीच्या जुन्या खाचा तशाच. बाराशेपासून सुरू झालं, सातशेला आलं. मी घासाघीस करत असताना शेजारचा घड्याळवाला मधेच म्हणाला, "काका, साग आहे, घ्या." त्याला माझ्याकडून काही मिळणार नव्हतं, म्हणून त्याचं ऐकलं. घरी आणून पॉलिश पेपर मारला तर वरच्या काळ्या थराखालून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं. त्या दिवशी मला जेवायला दोनदा बोलवावं लागलं.

घडीच्या ब्रॅकेटांसाठी बोहरी आळीत गेलो. दुचाकी घेऊन जाऊ नका. बसनं जा, चालत फिरा. दुकान असं की दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावरून ओरडून मागायचं. काउंटरवरच्या पोरानं ब्रॅकेट दाखवण्याआधी विचारलं, "भिंत साडेचारची का नऊची?" मला माहीत नव्हतं. "बाथरूमची पार्टिशन असेल तर साडेचार इंचाची," तोच म्हणाला. मी अँकर फास्टनर, म्हणजे भिंतीत फुगून बसणारे लोखंडी बोल्ट, मागितले होते. त्यानं काउंटरवर काढलेसुद्धा आणि परत डब्यात टाकले. "साडेचारच्या विटेत फास्टनर आवळत गेलात की वीट फुटते. लांबवाली गिट्टी घ्या, स्क्रूसाठी भोकात ठोकायची ती, अडीच इंची स्क्रू घ्या. ड्रिल करताना हॅमर बंद ठेवा." ब्रॅकेटांची जोडी ५६०, स्क्रू-गिट्ट्या १२०. फळी जमिनीपासून २९ इंचांवर बसवली. हिनं बसवल्याबसवल्या दोन्ही हातांनी दाबून पाहिली, मग त्यावर भाजी निवडायला बसली. टेबल पास.

बोहरी आळीला एक मार्क कमी देतो, कारण तिथं बिल मागितलं की सगळी आळी तुमच्याकडे बघते.

दिव्यांचं काम तापकीर गल्लीत. इथं मात्र माझं मत बदललं. मला वाटायचं, बल्ब तो बल्ब, वॉट बघायचे आणि घ्यायचा. दुकानदारानं नऊ वॉटचे दोन बल्ब शेजारी शेजारी लावले आणि माझा हात त्यांच्याखाली धरायला सांगितला. केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा. साडेसहा हजार केल्विनच्या पांढऱ्या बल्बखाली माझा हात शवागारातला वाटत होता, तीन हजारच्या पिवळसर बल्बखाली जिवंत. पण तीन हजारात वाचायला झोप येते, असंही त्यानंच सांगितलं. मग खोलीला दोन पिवळसर, प्रत्येकी ९० चे, आणि फळीच्या वर भिंतीला एक छोटा वळवता येणारा दिवा, ४५०. तो समोरून तोंडावर येईल असा लावा म्हणाला. मुलगी आधी खिडकीकडे पाठ करून बसायची आणि मीटिंगमध्ये तिचं तोंड काळं दिसायचं. आता खिडकी तिच्या डाव्या हाताला आहे. नवा बोर्ड आणि वायर ३४०, इलेक्ट्रिशियन ५००. हा इलेक्ट्रिशियन आमच्याच भागातला. दोन दिवस ‘आलोच’ म्हणत होता आणि आल्यावर वीस मिनिटांत गेला. बोर्ड सरळ नाही. तुम्ही बोट ठेवून दाखवलंत तर मी नाकारणार नाही.

खरं तर हे सगळं मी गादीबद्दल सांगता यावं म्हणून लिहायला घेतलं.

पलंग लोखंडी, चार बाय सव्वासहा. त्यावरची कापसाची गादी आमच्या लग्नातली, तिची मधे घळ झालेली आणि कडेला कापसाचे गोळे. मुलगी फोमच्या नव्या गाद्या दाखवत होती, बजेटच्या निम्मे पैसे एकाच गादीत गेले असते. हिनं सांगितलं, पिंजून आणा. रिक्षाच्या टपावर बांधून गादीवाल्याकडे नेली. त्यानं खोळ उसवायच्या आधी गादी काट्यावर ठेवली, मला आकडा वाचायला लावला. चौदा किलो. मग उसवली. आत जो कापूस होता तो राखाडी, आणि त्यात एक केसांची पिन आणि पाच पैशांचं नाणं निघालं. नाणं मी ठेवलंय. पूर्वी हे लोक धनुकली घेऊन दारोदार यायचे, टंग टंग आवाज सगळ्या चाळीला ऐकू जायचा. आता मशीन आहे. कापूस एका बाजूनं ढेकळासारखा आत जातो आणि दुसऱ्या बाजूनं ढगासारखा बाहेर येतो. मधे एवढी धूळ उडते की मी नाकाला रुमाल बांधून दोन तास स्टुलावर बसलो. बसायलाच हवं. आपला कापूस आपल्याच गादीत जातोय हे डोळ्यांनी बघा, एवढंच माझं सांगणं. चांगला गादीवाला त्याचा राग मानत नाही. ह्यानं तर चहा पाजला.

पिंजल्यावर पुन्हा वजन, साडेबारा. दीड किलो घट, म्हणजे एवढी वर्षं आम्ही दीड किलो धुळीवर झोपत होतो. दोन किलो नवा कापूस घातला. खोळीचं जाड कापड ७५०, पिंजाई-भराई ८५०, नवा कापूस ३००, सगळे मिळून १९००. भरून झाल्यावर त्यानं दाभणात जाड दोरा ओवला आणि गादीवर गुडघे टेकून टाके घातले. हाताच्या वितीनं मोजत, पट्टी न लावता, आणि तरी ओळी सरळ. शेवटी चारी कडांना काठ उभा केला. घरी आणल्यावर गादी एवढी फुगलेली होती की मुलगी पहिल्या रात्री घसरून उतरली. आठवड्यानं बसली. ऊन दाखवत राहिलात तर दहा वर्षं बघायला नको, असं तो म्हणाला. दहा वर्षांचं मी लिहून देत नाही, पण माझी पाठ आता दुपारी तिथंच पडायला मागते.

पडदे हिच्या साडीचे. कुणाच्या तरी बारशात आलेली, कधीच न नेसलेली जांभळी साडी, साडेपाच मीटर. मधोमध कापली की नऊ-नऊ फुटांचे दोन पडदे होतात आणि रुंदी जवळजवळ चार फूट, म्हणजे बाजारात दाराचे तयार पडदे येतात तेवढीच. दांडी खिडकीच्या चौकटीला न लावता छताखाली लावली, त्यानं खोली उंच वाटते. ही आयडिया मुलीची. शिलाई २४०, दांडी आणि हुक ३१०. काठ खाली आलाय, त्यावर संध्याकाळचं ऊन पडतं.

कपाटाला इनॅमल मारला, ४१० रुपये. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही, दाराजवळ माझ्या अंगठ्याचा ठसा आहे.

खुर्ची शेवटी घेतली. बंद पडलेल्या ऑफिसांच्या खुर्च्या विकणारं एक गोडाऊन आहे, तिथं २२०० ला जाळीच्या पाठीची मिळाली. पहिली जी दिली ती बसल्यावर लिफ्टसारखी हळूहळू खाली जायची. मुलगी मीटिंगमध्ये बोलता बोलता स्क्रीनवरून नाहीशी व्हायला लागली. परत नेली, बदलून दिली, कुरकुर केली नाही. घेताना पाच मिनिटं नुसतं बसून राहा.

वहीप्रमाणे एकूण १४,२४९. उरलेले ७५१ हिच्या हातावर ठेवले. तिनं मोजले आणि विचारलं, वॉलपेपरचे ८९९ यातच धरलेत ना? धरलेत म्हटलं.

वॉलपेपरचा एक रोल न उघडलेला राहिला होता. हिनं तो स्वयंपाकघरातल्या सनमायकाच्या फळ्यांवर लावला, विटांचं चित्र वर करून. तिथं तो असा काही चिकटलाय की परवा हळद सांडली म्हणून काढायला गेलो, तर नख तुटलं पण कोपरा उचलला नाही.