सक्तीची फौज की मर्जीची? अजून ठरवत असाल तर

सगळ्यांना फौजेची सक्ती करावी की मर्जीने येईल त्यालाच घ्यावं, हा वाद आता परदेशातून फिरत फिरत आपल्या पारावर येऊन बसला आहे. जर्मनीने 2011 मध्ये थांबवलेली सक्ती अर्धवट परत आणली. 2026 पासून तिथल्या अठरा वर्षांच्या मुलांना प्रश्नावली भरून द्यावीच लागते, भरती मात्र अजून मर्जीची. स्वीडनने 2010 मध्ये सोडलेली सक्ती 2018 पासून पुन्हा लावली, मुलींसकट. अमेरिकेत 1973 नंतर कोणाला जबरीने नेलेलं नाही, पण 18 ते 25 वयाच्या पुरुषांची नोंदणी 1980 पासून चालूच आहे आणि अधूनमधून तिथला कोणी ना कोणी पुढारी हा विषय उकरून काढतो. आपल्याकडे युक्तिवाद एवढाच ऐकू येतो: "सगळ्या पोट्ट्याइले दोन वर्ष बॉर्डरवर धाडा, आपोआप सरळ होतात." बोलणारा बहुधा पन्नाशीच्या पुढचा असतो.

मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर आहे. माझी बाजू ठरलेली आहे, ती पुढे दिसेलच. पण समोरची बाजू पोकळ आहे असं मी म्हणणार नाही.

सक्तीच्या बाजूने शिस्तीचा मुद्दा फार सांगतात. माझ्या मते तो सगळ्यात हलका. वजनदार मुद्दा वेगळाच: कोणाचं पोरगं जातं? आमच्या तालुक्यातून फौजेत गेलेली पोरं डोळ्यांपुढे आणली तर बहुतेक घरी दोन-चार एकर कोरडवाहू, कापूस नाहीतर सोयाबीन, आणि बाप सोसायटीच्या कर्जात. ठेकेदाराचा, डॉक्टरचा, कृषी केंद्रवाल्याचा मुलगा त्यात क्वचित. कापसाला भाव नसलेल्या वर्षी भरतीच्या तयारीला पहाटे ग्राउंडवर गर्दी वाढलेली दिसते, त्यासाठी कोणाला आकडेवारी काढायची गरज नाही. अशा पोराने मर्जीने भरती दिली असं म्हणायचं तर जरा जपूनच म्हणावं. अमेरिकेत न्यूयॉर्कमधल्या हार्लेमचे खासदार चार्ल्स रँगल, जे स्वतः कोरियाच्या युद्धात लढले होते, त्यांनी 2003 मध्ये सक्तीचं विधेयक आणलं ते याच मुद्द्यावर. युद्धाला होकार देणाऱ्यांची पोरंही युद्धात असावीत, एवढंच त्यांचं म्हणणं. 2004 मध्ये ते विधेयक 402 विरुद्ध 2 मतांनी पडलं, आणि विरोधात मत टाकणाऱ्यांत रँगलही होते! राजकारण तिकडेही असंच चालतं म्हणायचं.

कायद्याची आडकाठी म्हणाल तर आपल्याकडे ती फारशी नाही. वेठबिगारीला बंदी घालणाऱ्या घटनेच्या कलम 23 मध्येच सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावायची मुभा ठेवली आहे. अट एवढीच, की केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग पाहून भेद करायचा नाही. चीनच्या युद्धानंतर 1963 मध्ये एनसीसी सक्तीची झाली होती, 1968 मध्ये ती पुन्हा ऐच्छिक केली. 2018 मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने सुचवलं होतं की ज्याला राजपत्रित अधिकारी व्हायचं आहे त्याने आधी पाच वर्षं फौजेत काढावीत. खरं सांगतो, ही सूचना मला आवडली होती. साहेब व्हायचं तर आधी खंदकात झोप. ती कागदावरच राहिली, ते कोणाला नवल वाटण्यासारखं नाही.

मर्जीची बाजू म्हणजे आज जवानांसाठी अग्निपथ ही भरतीची योजना, आणि तिच्यातून लागलेला जवान म्हणजे अग्निवीर. चार वर्षं, पगार आणि शेवटी एकरकमी मिळणाऱ्या सेवा निधीचे साधारण पावणेबारा लाख हे घरोघरी पाठ आहे, त्यात शिरत नाही. खटकतं ते पुढचं: शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस कायम, बाकीचे पंचविशीच्या आत-बाहेर घरी, पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये सियाचिनवर ड्युटीवर असताना गेलेला अग्निवीर आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातला. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या गावात दुसरं बोलणंच नव्हतं: विम्याचे पैसे मिळतील, पण मायबापाच्या पेन्शनचं काय? या प्रश्नाचं नीट उत्तर मर्जीवाल्यांकडेही नाही. मी त्यांच्यातला असूनही नाही.

माझा पुतण्या भरतीसाठी सध्या रोज सोळाशे मीटर धावतो. बाहेरच्या देशातल्या सक्तीच्या बातम्या मोबाइलवर पाहून एकदा त्याने विचारलं, "काका, सक्ती झाली तं आपला नंबर पक्का लागन नं?" तिकडे पोरं सक्ती चुकवायला वाटा शोधतात आणि आमच्या पोराला सक्ती म्हणजे पक्की नोकरी वाटते. त्याला हिशेब सांगावा लागला. दरवर्षी या देशात एक कोटीहून जास्त मुलगे अठरा वर्षांचे होतात. अग्निपथ आलं तेव्हा पहिल्या वर्षाला जागा होत्या 46,000. उद्या सक्ती झालीच तर सगळ्यांना काही महिने कवायत शिकवून, किरकोळ भत्ता देऊन घरी पाठवतील, किंवा चिठ्ठ्या टाकून थोडे उचलतील. दक्षिण कोरियात सक्ती आहे, भूदलात अठरा महिन्यांची, आणि ते झाले की ज्याने त्याने आपली नोकरी शोधायची. सक्तीतून पेन्शन येत नाही. पुतण्याचा चेहरा थोडा उतरला.

आता ज्याने माझं मत पक्कं केलं ते सांगतो. त्याचा बंदुकीशी काही संबंध नाही.

मास्तरकीत सरकारी सक्तीचा अनुभव घ्यायचा तर निवडणूक ड्युटी. 1951 चा लोकप्रतिनिधित्व कायदा मागे उभा, आदेशावर कलेक्टरांची सही, नाही म्हणायची सोय नाही. कागदावर याहून समान सक्ती मी पाहिलेली नाही. शिक्षक, ग्रामसेवक, बँकवाले सगळे एका यादीत आणि नावं संगणकाने काढलेली. पण आदेश हातात पडले की दुसऱ्या दिवसापासून नाव कापायची धावपळ सुरू होते. कोणाची शुगर वाढते, कोणाची कंबर धरते, कोणाचा साळा नेमक्या टेबलावर बसलेला निघतो. एका वर्षी आमच्यातल्या एका धडधाकट गड्याने, जो आदल्याच रविवारी व्हॉलिबॉल खेळत होता, छाती दुखायचा दाखला आणला आणि तो मंजूर झाला. त्याच वर्षी सहा महिन्यांचं लेकरू आईजवळ टाकून एक शिक्षिका मतदानाचं साहित्य घेऊन एसटीत बसली. सूट तिलाच मिळायला हवी होती, नियमातही बसत होती. फक्त अर्ज कोणाकडे न्यायचा आणि कोणाचा फोन लागतो, हे तिला माहीत नव्हतं. साहित्य वाटपाच्या मंडपात आमच्यासोबतचा शिपाई सहज बोलून गेला, "सर, ज्याचा कोनी नाही त्याचीच ड्युटी लागते."

हा सगळा आटापिटा दोन दिवसांच्या, भत्ता मिळणाऱ्या, जिवाला धोका नसलेल्या कामासाठी. तोच कारभार दोन वर्षांसाठी आणि मतदान केंद्राऐवजी नियंत्रण रेषेवर नेमण्यासाठी लावून पाहा. सक्तीवाले म्हणतात त्या समान वाटपाचं काय होईल ते मला दिसतं. कोणाचं पोरगं जातं, या प्रश्नाचं उत्तर पुन्हा तेच येईल. फरक एवढाच की आज कोरडवाहूवाल्याचं पोरगं नको वाटलं तर ग्राउंड सोडून पुण्याला कंपनीत जाऊ शकतं. उद्या तेवढंही राहणार नाही.

हा आपलाच दोष आहे असंही नाही. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेत कॉलेजात असलेल्यांना मुदत मिळायची, ओळखीचा डॉक्टर असेल तर त्याची चिठ्ठी चालायची. ओरड झाली म्हणून 1 डिसेंबर 1969 ला जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढल्या, तर त्या नीट ढवळल्याच नव्हत्या. वर्षाच्या शेवटी जन्मलेल्यांचे नंबर आधी लागले. इस्रायलमध्ये धर्मपाठशाळेतल्या कट्टर ज्यू तरुणांना कित्येक दशकं सूट होती. जून 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही भरती करा म्हटलं, तरी भांडण मिटलेलं नाही. उलट उदाहरणही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. दक्षिण कोरियात बीटीएस या जगप्रसिद्ध बँडच्या पोरांनाही गाणं थांबवून जावं लागलं, आमच्या सहावीतल्या मुलींनाही हे माहीत आहे. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. पण त्या देशाला समोर उत्तर कोरिया आहे, आणि त्यांच्याकडच्या दाखल्यांना काही किंमत असावी.

म्हणून मी मर्जीच्या बाजूने, आहे त्या अग्निपथाच्या बाजूने मात्र नाही. पंचवीस टक्के फार कमी आहेत, निदान निम्मे तरी ठेवावेत, आणि ड्युटीवर गेलेल्याच्या मायबापाला पेन्शन असावी, मग तो जवान चार वर्षांचा असो की पंधराचा. पहिल्या तुकडीची चार वर्षं 2026 च्या अखेरीस आणि 2027 च्या सुरुवातीला भरतात. त्यातली किती पोरं परत ग्राउंडवर पोलीस भरतीच्या रांगेत दिसतात, यावरून बराच उलगडा होईल. माझा अंदाज बरा नाही, पण तो अंदाजच.

तुम्हाला तरीही सक्ती बरी वाटत असेल, आणि काही शहाण्या माणसांना वाटते, तर एक करून पाहा. पुढची निवडणूक लागली की तुमच्या तालुक्यात ड्युटीतून सूट मिळालेल्यांची यादी कारणांसकट मागा. ती सरळ हातात पडली तर तुमचं मत माझ्याहून वेगळं का, ते मी समजू शकेन. पुतण्याला मी अग्निवीरचा फॉर्म भरायला सांगितलं आहे, आणि त्याच बैठकीत पोलीस भरतीचाही.