वर्षाच्या धान्याचे पैसे आधी देऊ नका, आमचे 22,032 रुपये गेले

बडोद्यात वर्षाचे गहू भरायचे दिवस आले की नवी किराणा दुकानं आगाऊ नोंदणी घ्यायला लागतात. अशा दुकानाला आधी पैसे देऊ नका. दहा टक्के सूट दिली तरी नको, दुकानदार आपल्याशी मराठीत बोलला तरी नको, सोसायटीतल्या चार घरांनी दिलेले असले तरी नको. माझे 12,582 आणि माझ्या जावेचे 9,450 असे 22,032 रुपये घेऊन असाच एक दुकानदार दुकानाला कुलूप लावून निघून गेला.

सुटीसाठी पैसे आधी दिले म्हणून मला हावरट म्हणणाऱ्यांनी आधी पुढचं वाचावं. दांडिया बाजारात राहत होतो तोवर ही वेळच आली नाही. रावपुऱ्यातला वाणी सासूबाईंना नावानिशी ओळखायचा, यादी पाठवली की सामान घरी यायचं, खराब निघालं तर मुकाट्यानं परत घ्यायचा. भायलीकडे राहायला आल्यावर आजूबाजूला फक्त मोठी मार्टं आणि मोबाईलवरून सामान धाडणारे. पाकिटातला गहू मूठ भरून बघता येत नाही, दाताखाली चावून बघता येत नाही. दगडफूल मागितलं तर मार्टातला पोरगा तोंडाकडे बघत राहतो. म्हणून मी चांगलं, मालक स्वतः गल्ल्यावर बसतो असं दुकान शोधत होते. यात हाव कुठे आली?

वासणा-भायली रस्त्याजवळ हे दुकान उघडलं तेव्हा बरं वाटलं. आंबेमोहोर, नाचणी, भाजणीचं सगळं साहित्य, वासदची तूरडाळ, सगळं उघड्या पोत्यांत मांडलेलं. मालक मराठी बोलायचा, ‘वहिनी’ म्हणायचा, सासूबाईंना खुर्ची द्यायचा. सुरुवातीला माल चोख आणि वजन पुरेपूर. मग सीझनची नोंदणी काढली: पूर्ण पैसे आधी दिले तर दहा टक्के कमी, आणि अक्षयतृतीयेनंतर माल घरपोच, गव्हाला एरंडेल चोळून.

माझी नोंदणी अशी होती. लोकवन गहू 10 मण, म्हणजे आपल्या इथल्या वीस किलोच्या मणानं 200 किलो, 760 रुपये मणानं 7,600. तूरडाळ 20 किलो, 2,800. आंबेमोहोर 25 किलो, 2,400. शेंगतेलाचे दोन डबे, 5,400. एकूण 18,200, सूट जाऊन 16,380. हे सगळे मी एकदम भरले. जावेनं माझ्या शब्दावर भरले, आणि तेच मला जास्त लागतंय.

कळायला हवं होतं ते पैसे देतानाच. मोबाईलवर पैसे पाठवायला गेले तर दुकानाच्या नावाऐवजी कुणा बाईचं नाव आलं. मी विचारलं. म्हणाला, “वहिनी, घरचंच खातं आहे, दुकानाचं खातं बँकेत अडकलंय.” समोरचा पैसे आल्याचं बोलणारा डबा बंद होता. मग त्यानं पिवळ्या कागदावर चिठ्ठी करून दिली. वर ठळक अक्षरांत ‘एस्टिमेट’ छापलेलं, खाली जीएसटी नंबर नाही, पत्ता नाही, सही म्हणून एक वेलांटी. माझी नजर त्या शब्दावर गेली होती. मी पक्कं बिल मागितलंही. “पक्कं बिल माल घरी येईल तेव्हा, आत्ता केलं तर सूट देता येणार नाही,” असं म्हणाला. मागे चार माणसं उभी होती, सासूबाई उन्हात दमल्या होत्या. अशा चिठ्ठ्यांवर आयुष्यभर सामान आणलंय आपण, मांडवीत काय आणि मंगळ बाजारात काय. तिथं कधी कुणी बुडवलं नाही, म्हणून मी ती घडी घालून पर्समध्ये ठेवली.

आलं ते एवढंच: दोन मण गहू आणि तेलाचा एक डबा, सूट धरून 3,798 चा माल. बाकीचे 12,582 बुडाले. गहू चक्कीवर मोजला तर 40 च्या जागी 37 किलो 400 ग्रॅम, आणि नमुन्यात दाखवलेला दाणा नव्हताच, कसला तरी बारका मिसळलेला. डब्यावर 15 लिटर लिहिलेलं, पैसे 15 किलोचे घेतलेले. 15 लिटर शेंगतेल पावणेचौदा किलोसुद्धा भरत नाही. डबा घेताना किलो वाचा, दुकानातच. बाकीचं “गाडी निघाली आहे” करत राहिलं, मग फोन बंद, मग शटर बंद. जागेच्या मालकानं हात झटकले: भाडं त्याचंही थकलंय म्हणे.

आता पोलीस. चौकीत पहिला प्रश्न, “बिल कुठाय?” चिठ्ठी दाखवली तर “हे एस्टिमेट आहे, बिल नाही.” मग “हे दिवाणी प्रकरण आहे.” मग हद्द: दुकान इकडे, तुमचं घर तिकडे, खातं तिसरीकडेच, तुम्ही तिकडे जा. तिकडच्यांनी परत इकडे पाठवलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कारवाईच्या नव्या कायद्याच्या, कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी छापून नेलं. साहेबांनी कागद वाचलासुद्धा नाही. अर्ज गुजरातीत लिहून आणा म्हणाले, आणला. घेतला, पण पोच दिली नाही. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेत, म्हणजे शिक्षेच्या नव्या कायद्यात, 318 कलम आहे ना? माल द्यायचाच नव्हता आणि पैसे घेतले, ही फसवणूक नाही तर काय आहे? बँकेनं सांगितलं, पैसे तुम्हीच पाठवलेत. वजनाची तक्रार घेऊन वजनमाप खात्यात गेले, तिथला माणूस म्हणाला, दुकान बंद आहे तर काटा कसा तपासणार? दुकान उघडं होतं तेव्हा कोण आलं होतं तपासायला? इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी व्हावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावावं लागतं. तिथं देवाच्या तसबिरीशिवाय काही नव्हतं. साठी उलटलेल्या बाईला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरवताना कुणाला काही वाटत नाही.

म्हणून नव्या दुकानात शिरलात की आधी काट्याचं ते प्रमाणपत्र बघा. अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर भिंतीवर आहे का बघा. पैसे पाठवताना दुसरंच नाव दिसलं तर तिथंच थांबा, मागे रांग असली तरी. वर्षाचा गहू हवा असेल तर हाथीखान्यातल्या धान्याच्या घाऊक बाजारात जा, पोतं समोर उघडायला लावा, समोर तोला, टेम्पोत चढलं की पैसे द्या. टेम्पोभाडं परवडतं.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, आणि आपण राहतो तिथल्या आयोगात दोन वर्षांच्या आत ती करता येते. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन केलात तर तक्रारीचा नंबर मागून घ्या. मी आयोगाचे कागद करायला घेतलेत, पण नोटीस पाठवायला त्याचा खरा पत्ता लागतो आणि तो कुणी देत नाही. तुमच्याकडे त्याची पिवळी चिठ्ठी असेल तर फाडू नका, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पैसे गेल्याचा मोबाईलवरचा पुरावा जपून ठेवा. त्याच्या गावचा किंवा घरचा पत्ता ठाऊक असेल तर मला कळवा, सगळ्यांची तक्रार एकत्र घालू.